साल्व्हियाचं ऊन

"उतर खाली! शाले, उतर म्हणतोय ना!"

माझा धाकटा भाऊ हणमंत गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला. मी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर उभी होते. एका हातानं बांबू धरलेला, दुसऱ्या हातानं बाइंडिंगच्या तारेचा पीळ उलगडायला बघत होते. तार ढिम्म हलत नव्हती. बोटाच्या पेरातनं रक्त यायला लागलं होतं. नि माझ्या तोंडासमोर, फुंकर मारली तर लागेल एवढ्या अंतरावर, धनूभाऊचं नाक होतं. फ्लेक्सवरचं. माझ्या डोक्याएवढं.

"लोकं बघायलेत, शाले."

"बघू दे की. त्यासाठीच दिवसाउजेडी चढले. लपूनछपून करायचं असतं तर अंधारात केलं असतं."

"आण्णांचा फोटो हाय त्याच्यावर. बापाच्या फोटोला हात लावतीस?"

"बाप कुठाय ते दाखव आधी. मला हितनं ह्या भाड्याच्या नाकपुड्याच दिसायल्यात."

समोरच्या लोखंडेकाकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. हसू दाबायला की भीतीनं, त्यांनाच ठाऊक.

फ्लेक्स कसा होता ते सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं होतं ते कळेल. वरच्या कोपऱ्यात, पेटत्या समईच्या चित्राशेजारी, गोल चौकटीत आमचे आण्णा. कै. ज्ञानोबा ढोले. ताटलीएवढे. उरलेल्या सगळ्या जागेत धनूभाऊ. हात जोडलेले, बोटांत अंगठ्या, चेहऱ्यावर दुःख. ते दुःख स्टुडिओत लाइट लावून काढलेलं. खाली मित्रमंडळाची मुंग्यांसारखी डोकी, त्यात आमचा हणमंत. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याहून मोठ्या अक्षरांत धनूभाऊचं नाव, नावापुढं 'भावी नगराध्यक्ष'. मेलेला माणूस आमचा, आणि प्रचार ह्याचा.

आण्णा दिवाळीच्या तोंडावर गेले. तेराव्याला हा फ्लेक्स लागला. मला वाटलं, चार दिवसांनी काढतील. मार्गशीर्ष संपत आला तरी तो होता तिथंच होता. नगरपालिकेचं इलेक्शन जवळ आलं होतं, मग कोण काढतंय? रीतसर परवानगी नव्हतीच. पण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला हात कोण लावणार? वाढदिवसाचा असता तर कुणी तरी तक्रार केली असती. मेलेल्या माणसाच्या नावानं लावला की तो देवळासारखा होतो. धनूभाऊ येडा नव्हता.

आणि तो लावला होता कुठं? आमच्या घराच्या दक्षिणेच्या अंगाला, भिंतीला चिकटून, आण्णांच्या वाफ्याच्या बरोबर डोक्यावर.

आण्णा रेल्वेत पॉइंट्समन होते. आमचं जंक्शनचं गाव. पूर्वी स्टेशनात प्लॅटफॉर्मच्या कडेनं फुलांचे वाफे असायचे, त्यात हिवाळ्यात साल्व्हिया फुललेला असायचा. लाल तर होताच, पण एका वाफ्यात निळा होता. गाड्यांच्या धुरातनं नि धुळीतनं तो निळा तुरा आण्णांच्या डोळ्यांत भरला. पुढं स्टेशनचे वाफे उखडून तिथं फरशी बसवली, त्याच्या आदल्या हंगामात आण्णांनी वाळलेल्या तुऱ्यांतनं बी झटकून खिशात घालून आणलं. तेव्हापासून दरवर्षी आमच्या दारात साल्व्हिया. दसऱ्याच्या आधी पेरायचा. रोप चार बोटं झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते फुटतं, पसरतं. तुरे आले की त्यातला सगळ्यात गडद निळा तुरा हेरायचा, त्याला सुताचा दोरा बांधायचा, नि बी फक्त त्याचंच धरायचं. बाकीचे तुरे कोमेजले की कापायचे. असं करत करत तो निळा एवढा गडद झाला होता की शाईची दौत सांडल्यासारखा वाफा दिसायचा. नर्सरीत असला रंग मिळत नाही. मी विचारून आलेय.

"ह्याला खत नको, लाड नकोत," आण्णा म्हणायचे. "ऊन द्या. दिवसभराचं ऊन दिलं की हा तुमच्याकडं काही मागत नाही."

त्या वर्षी त्यांनी घरातलं होतं नव्हतं तेवढं बी पेरलं होतं. मागं चिमूटभरही राखलं नव्हतं. रोपं वीतभर व्हायच्या आत ते गेले. पुढची लागण मी केली. शेंडे मी खुडले. आता ह्या रोपांना तुरे येऊन बी धरलं तर आण्णांचा निळा राहणार, नाही तर तो आण्णांच्या मागं जाणार. एवढी सरळ गोष्ट होती.

थंडीचा सूर्य दक्षिणेकडनं, खालच्या अंगानं जातो. फ्लेक्सनं सगळं ऊन खाल्लं. न्याहारीपासून दिवेलागणीपर्यंत वाफ्यावर धनूभाऊची सावली. रोपं उजेड शोधत माना लांब करकरून उंचाडली, देठ पांढुरके पडले, पानं कुपोषित पोरासारखी. तुऱ्याचा पत्ता नाही. त्या दिवशी सकाळी मी पाणी घालायला गेले तर तीन रोपं बुडातनं सडून आडवी झालेली. मी कळशी तिथंच ठेवली नि भिंतीवर चढले.

"काकू," मी वरनं हाक मारली, "पक्कड द्या. तार तोडायचीय."

लोखंडेकाकू तांदळाचं सूप घेऊन उठल्या. "ह्यांना विचारते हं."

आतनं काकांचा आवाज आला, "पक्कड हरवलीय म्हणावं."

काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "हरवलीय गं."

"ऐकलं मी."

"तुझं बरोबर हाय, शालन. पण आम्हाला ह्या गल्लीत राहायचंय."

"मग मी काय चंद्रावर राहायलीय?"

हणमंत भिंतीच्या बुडाशी येऊन माझ्या घोट्याला धरायला बघत होता. मी पाय झटकला. त्यानं आवाज खाली आणला, त्याला वाटतं त्या समजूतदार सुरात.

"शाले, थोडं ऐक. इलेक्शन होईपर्यंत राहू दे. भाऊनी मला पाणीपुरवठ्यात चिकटवायचा शब्द दिलाय. तू आज हे उतरवलंस तर माझं वाटोळं होईल."

"आणि वाफ्याचं?"

"तू झाडांचं काय घेऊन बसलीस? वास नाही, काही नाही. देवाला तरी चालतं का ते?"

"आण्णांना चालत होतं."

"आण्णा गेले!"

"म्हणूनच झाडांचं घेऊन बसलेय."

मग आई बाहेर आली. तिनं आंघोळ करून केस पुसायला पंचा गुंडाळला होता. कपाळ मोकळं. त्या कपाळाकडं बघायची मला अजून सवय झाली नव्हती. ती रोज ह्या वेळेला फाटकात येऊन उभी राहायची, त्या फ्लेक्सकडं वर बघायची, हात जोडायची, नि पुन्हा आत जायची. आज तिनं वर बघितलं तर नवऱ्याच्या शेजारी मी.

"काय करायलीस गं?"

"आई, हिला सांग," हणमंत म्हणाला. "आण्णांना खाली उतरवायलीय."

"शाले, खरं का?"

"आई, ऊन येईना झालंय. रोपं सडायलीत."

आईनं एकदा वाफ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "झाडांसाठी माणूस उतरवतीस?"

मी तार सोडली.

"घरात तो एकच बारका फोटो हाय त्यांचा," आई म्हणाली. "त्यात डोळे दिसत नाहीत. इथं दिसतात. सकाळी उठल्यावर दिसतात तरी. वर्ष होऊ दे गं. वर्षश्राद्ध झालं की काढ. झाडं काय, परत लावता येतील."

"ही नाही येणार."

"नाही आली तर नाही आली. माणूस येतंय का परत?"

हणमंत खाली मान घालून उभा होता. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात जिंकल्याची खूण होती. ती मला वरनं दिसली. आणि माझ्या ओठावर जे आलं, ते मी दातांखाली धरलं. कारण मला एक गोष्ट माहीत होती. हणमंतला ती माहीत होती. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना माहीत होती. फक्त आईला माहीत नव्हती. तिच्या कानावर घालायची नाही असं मी आण्णांच्या तिरडीपाशी ठरवलं होतं. म्हणून मी इतके दिवस नुसतं उन्हाचं बोलत होते, रोपांचं बोलत होते, येड्यासारखी.

तेवढ्यात गल्लीत पांढरी जीप शिरली. हणमंतनंच फोन केला असणार.

धनूभाऊ एकटाच उतरला. ड्रायव्हर आत. मी धनूभाऊला लहानपणापासून बघितलाय. शाळेत दुसऱ्याच्या डब्यातलं खायचा नि डब्यावर स्वतःचं नाव कोरायचा. आता त्याला लोक उठून जागा देतात. पांढरी पँट, पांढरे बूट, गळ्यात चेन. त्यानं आधी आईला वाकून नमस्कार केला. पायाला हात लावला की माणूस अर्धा विकत घेता येतो, हे ह्या लोकांना कोण शिकवतं कुणास ठाऊक.

"मावशी, तब्येत बरी हाय ना? काही लागलं सवरलं तर हणमंतला सांगत चला." मग वर बघून मला, "ताई, उतरा खाली. पडाल. लागलं बिगलं तर आम्हालाच दवाखान्यात न्यावं लागंल."

"मी पडले तर माझाही फ्लेक्स लावशील. जागा तयारच हाय."

लोखंडेकाकांच्या घरातनं कुणीतरी फिस्सकन हसलं. धनूभाऊ हसला नाही.

"ताई, रागात हाव तुम्ही. मला कळतं. बाप गेल्यावर माणूस असं करतं. अहो, आण्णा मला तरी कोण परके होते? मला पण बापासारखेच होते."

मी बांबू धरून त्याच्याकडं वळले.

"बापासारखे?" मी म्हणाले. "तुमच्यात बापाच्या तोंडाला केक फासतात का रे?"

गल्लीतली आणखी दोन दारं उघडली.

"शाले," हणमंत म्हणाला, "गप. आईसमोर नको."

"कसला केक?" आईनं विचारलं.

"काही नाही, मावशी," धनूभाऊ म्हणाला. "जुनं काहीतरी..."

"मी तिला विचारलं," आई म्हणाली. "शाले, कसला केक?"

मग मी सांगितलं. भिंतीवर उभी राहून सांगितलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आता राखायचं काय राहिलं होतं?

दसऱ्याच्या अलीकडं धनूभाऊचा वाढदिवस झाला होता. तेव्हाही फ्लेक्स ह्याच जागी लागला होता. आण्णांनी नुकतंच बी पेरलं होतं, कोंब वर यायला लागले होते. आण्णा संध्याकाळी चौकात गेले, भांडायला नाही, विचारायला. तिथं जीपच्या बॉनेटवर केक मांडलेला. स्पीकर लावलेले. पोरं नाचत होती. आण्णा म्हणाले, भाऊ, फ्लेक्स चार हात पलीकडं घेता का, रोपांना ऊन लागतं. धनूभाऊ म्हणाला, आण्णा, आधी तोंड गोड करा. एकानं मागनं दोन्ही दंड धरले. धनूभाऊनं मूठभर केक उचलला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत फासला. नाकात. चष्म्यात. शर्टाच्या गळ्यातनं आत. मग दुसऱ्यानं फासला. मग तिसऱ्यानं. कुणीतरी ओरडलं, म्हाताऱ्याला ऊन पाहिजे, ऊन! त्यावर मोबाइलचा टॉर्च लावून त्यांच्या डोळ्यावर धरला. सगळे खिदळले.

"तू तिथं होतीस का?" धनूभाऊ म्हणाला. त्याचं 'ताई' गळून पडलं.

"मी दुकानात शिलाईच्या मशीनवर बसले होते. ब्लाउज न्यायला आलेल्या पोरीनं मला मोबाइल दाखवला. 'ताई, हे तुमचे आण्णा ना?' म्हणून. गावभर फिरत होता तो व्हिडिओ. खाली हसणारी तोंडं टाकली होती लोकांनी. मी बघितलाय, धन्या. पूर्ण बघितलाय. शेवटी ते शर्टाच्या टोकानं चष्मा पुसायलेत आणि तरी म्हणायलेत, चार हात भाऊ, फक्त चार हात."

धनूभाऊ आईकडं वळला. "मावशी, गंमत असती ती. वाढदिवसाला सगळ्यांनाच लावतात. प्रेमानं लावतात. आमदारांना पण लावतो आम्ही."

"वाढदिवस कुणाचा होता?" आईनं विचारलं.

"माझा."

"मग तुझ्या तोंडाला लावायचा."

तिनं आवाज चढवला नव्हता. आई आवाज चढवायची ती फक्त आण्णांवर. त्या दोघांचं तसंच होतं. ती बोलायची, ते ऐकायचे. ती आता फाटकाची कडी धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उलटं फिरत होतं. मला वाटलं तिला चक्कर येतेय. मी भिंतीवरनं उडी मारली.

"आई, बस."

"थांब," ती म्हणाली. "शर्टाला क्रीम होतं. पांढरं नि गुलाबी. मीच धुतला तो शर्ट. मी त्यांना विचारलं, हे काय. ते म्हणाले, वाढदिवस होता कुणाचा तरी, केक दिला." ती माझ्याकडं बघत नव्हती. "मी बोलले त्यांना. एवढी साखर अंगात, डॉक्टरनं गोळ्या वाढवल्यात, आणि तुम्ही पोरासोरांत जाऊन अंगावर सांडेपर्यंत केक खाता? लाज नाही वाटत म्हातारपणी, असं बोलले. जिभेवर ताबा नाही तुमचा, म्हणाले मी. लई बोलले मी."

"आई..."

"ते म्हणाले, चुकलं. परत नाही खाणार म्हणाले."

लोखंडेकाकू रडायला लागल्या होत्या.

आई हळूहळू हणमंतकडं वळली.

"तू ताटावर बसला होतास."

हणमंतनं मान खाली घातली.

"मी त्यांना बोलत होते तेव्हा तू तिथं ताटावर बसला होतास. ऐकत होतास सगळं. तुला माहीत होतं का, हणमंता?"

मी सांगू शकले असते. व्हिडिओत केकचा खोका धरून उभा असलेला, हसणारा, तो कोण होता ते. पण ते मी बोलले नाही, आणि बोलायची गरजही पडली नाही. हणमंतच्या तोंडाकडं बघून आईला कळलं.

"मी ह्यांना बोलत होते," आई म्हणाली, "आणि तू मला म्हणालास, आमटी वाढ. मी वाढली."

त्यानंतर आई त्याच्याशी कधी काही बोललेली मला आठवत नाही. पुढं तो आला, गेला, सणावाराला दारात उभा राहिला. आई त्याला पाणी द्यायची. बोलायची नाही.

लोखंडेकाकू घरात गेल्या नि पक्कड घेऊन आल्या. काका आतनं "अगं, अगं" करत होते. काकू म्हणाल्या, "तुम्ही गप बसा, आयुष्यभर तेच केलंत." रस्ता ओलांडून त्यांनी पक्कड आईच्या हातात दिली. हणमंतनं हात पुढं केला. "दे, आई. मी काढतो." आई त्याच्या हाताला वळसा घालून माझ्याकडं आली आणि पक्कड मला दिली.

मी पुन्हा चढले.

"ताई," धनूभाऊ खालनं म्हणाला, आता अगदी शांत, "गावात राहायचं असतं माणसाला. नळाला पाणी लागतं. दारात रस्ता लागतो. टेलरिंगचं दुकान पालिकेच्या गाळ्यात हाय तुमचं. विचार करा."

"ऊन तर घेतलंच होतंस," मी म्हणाले. "आता पाणी घे."

तार तुटली. एका अंगाची तुटली तसा फ्लेक्स फडफडत दुसऱ्या अंगाला लोंबला. मग दुसरी तोडली. तो सगळा रस्त्यावर आडवा झाला, जीपच्या चाकांपुढं. वाऱ्यानं उलटा झाला होता, पांढरी पाठ वर. आण्णा कुठल्या कोपऱ्यात होते ते दिसत नव्हतं. धनूभाऊ जीपमध्ये बसला. ड्रायव्हरनं मागं घ्यायला बघितलं, मागं लोखंडेंची टाकी. मग त्यानं पुढंच घेतली, फ्लेक्सवरनं. हणमंत थोडा वेळ उभा राहिला, मग जीपच्या मागनं चालत गेला.

वाफ्यावर ऊन पडलं. दीड महिन्यानं पडलं. आणि खरं सांगायचं तर त्या उन्हानं लगेच काही भलं झालं नाही. सावलीत वाढलेली नाजूक पानं ती. दुपारपर्यंत सगळी रोपं माना टाकून पडली, पानांच्या कडा करपल्या. जे ऊन मिळवायला एवढा तमाशा केला, तेच झाकायला मला दुपारी वाफ्यावर जुनं लुगडं बांधावं लागलं. आईनंच आणून दिलं. रोज थोडं थोडं सरकवत त्यांना उन्हाची सवय केली. सडलेली उपटून टाकली. उंचाडलेले शेंडे पुन्हा खुडले. अर्ध्याहून जास्त रोपं गेली. जी राहिली ती बुडातनं फुटली.

आणि धनूभाऊ निवडून आला. हे सांगितलंच पाहिजे. नाही तर वाचणाऱ्याला वाटेल की गल्लीनं ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं. गल्लीतल्या बऱ्याच लोकांनीसुद्धा त्यालाच मत दिलं असणार. माझ्या गाळ्याला पुढच्याच महिन्यात कुलूप लागलं. मी मशीन घरात आणलं. तेव्हापासून घरातच शिवते.

पण त्याच्या आधी मिरवणूक आली. निकालाच्या दिवशी, भर दुपारी. माघाचं ऊन होतं. वाफ्यात तुरे उभे होते, मोजकेच, पण तसेच गडद. एकाला मी दोरा बांधला होता. मिरवणूक मुद्दाम आमच्या गल्लीतनं वळवली. ढोल, ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर स्पीकर. सगळी गल्ली गुलालानं लाल. हणमंत ट्रॅक्टरच्या मागं होता, ओळखू येऊ नये इतका माखलेला.

आई फाटकात जाऊन उभी राहिली. मी म्हणाले, "आत ये." ती आली नाही. तिला वाटलं असावं, हे लोक वाफ्यात शिरतील.

धनूभाऊ ट्रॅक्टरवरनं उतरला. नाचत नाचत आमच्या दाराशी आला. त्याच्या मुठीत गुलाल होता. भोवतीच्या पोरांनी ओळखलं काय होणार ते. मोबाइल वर झाले.

"मावशी! आशीर्वाद द्या!" तो ओरडला. "राग सोडा आता! तोंड रंगवू द्या!"

आणि त्यानं हात आईच्या चेहऱ्याकडं नेला.

आईनं त्याचं मनगट धरलं. पासष्टीची बाई, हाडं नि कातडी. पण आयुष्यभर रहाटानं पाणी ओढलेले हात ते. तिनं मनगट धरलं आणि सोडलं नाही. धनूभाऊ आधी हसला. मग ओढायला लागला. मग हसायचा थांबला. ढोलवाल्यानं एक टिपरी मारली, दुसरी मारली नाही.

"ह्या घरातल्या माणसाच्या तोंडाला," आई म्हणाली, "हात लावायचा नाही."

"मावशी, सोडा. लोकं बघायलेत."

"बघू दे."

त्याची मूठ हळूहळू उघडली. गुलाल त्याच्याच पांढऱ्या बुटांवर सांडला.